जुना विंडोज ७ जसाच्या तसा नवीन एसएसडीवर न्यायचाय, हार्डडिस्क टकटक करतेय

लग्नपत्रिकावाला
नमस्कार मंडळी. गडहिंग्लजजवळ आमचा छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं, ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पँप्लेटं. डीटीपीचा पीसी २०१२ सालचा, विंडोज ७ ३२ बिट, त्यावर पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी फाँट आणि टायपिंगचं), तिचं डाँगल (लायसनची यूएसबी चावी) मागं यूएसबीला कायमचं लावलेलं. आता प्रॉब्लेम असा की चार दिवसांपासून हार्डडिस्क मधनंच टक टक करते आणि फाईल ओपन करताना पीसी अर्धा मिनिट गोठल्यासारखा होतो. डिस्क ५०० जीबीची आहे, त्यात सी १०० जीबी आणि बाकी सगळा डी, दोन्ही मिळून भरलेला डेटा १४० जीबी. भावानं ४८० जीबीची एसएसडी आणून ठेवलीये पण पुढं काय करायचं कुणालाच माहिती नाही. नवीन विंडोज टाकायचं असतं तर शेजारच्या पोराकडून टाकून घेतलं असतं, पण पेजमेकरच्या सीडीला चरे पडलेत, वाचतच नाही, आणि वडलांनी बारा वर्षांत बनवलेली सेटिंग, फाँट, मार्जिनं, टेम्प्लेट हे सगळं त्यातच आहे. लग्नसराई तोंडावर आलीये. सगळं जसंच्या तसं पायजे, आयकॉनसुद्धा त्याच जागी.

चहाबिस्किट
काय राव, २०१२चा पीसी! सरळ नवीन घ्या की. डेटा पेनड्राइव्हवर घ्या, नवीन मशीनवर विंडोज ११ टाका, युनिकोडमध्ये काम करा, सुटाल एकदाचे.

लग्नपत्रिकावाला
@चहाबिस्किट साहेब गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं मागच्या वर्षी थोरल्याची पत्रिका केलेली तीच काढा, फक्त नावं बदला. ती फाईल पेजमेकरची, अक्षरं जुन्या फाँटमधली, युनिकोड नाहीत. दुसऱ्या मशीनवर उघडली की गणपतीच्या श्लोकाच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. आणि वडील ६८ वर्षांचे, त्यांना नवीन कीबोर्ड शिकवायचा म्हणजे.. जाऊद्या.

जुनाजाणता
घाबरू नका, विंडोज ७ मध्येच सोय आहे. कंट्रोल पॅनलमध्ये बॅकअप अँड रिस्टोअर, तिथं डाव्या बाजूला क्रिएट अ सिस्टीम इमेज. एक्स्टर्नल डिस्क लावा, इमेज (अख्ख्या सिस्टीमची प्रत) घ्या, मग एसएसडी जोडून विंडोजच्या डीव्हीडीवरनं बूट करून रिपेअरमध्ये जाऊन इमेज रिस्टोअर करा. मी दोन मशीनं अशी हलवलीत.

कर्जतलोकल
जुनाजाणता काका, तुमचं बरोबर पण यांच्या केसमध्ये अडणार. ती इमेज परत टाकताना नवीन डिस्क जुनीपेक्षा लहान असली तर विंडोज अडून बसतं, आत डेटा कितीही कमी असो. सिस्टीम रिकव्हर करायला वापरता येईल अशी डिस्क सापडली नाही असा मेसेज येतो आणि माणूस तासभर केबल हलवत बसतो. ५०० ची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, ४८० ची एसएसडी ४४७. म्हणजे १८-१९ जीबीसाठी सगळं अडणार, आणि भरलेलं फक्त १४०! रिपेरिंगला येणाऱ्यांचा हा हमखास घोळ, एसएसडी २४०, ४८०, ९६० अशा मिळतात आणि जुन्या हार्डडिस्क २५०, ५००, १००० अशा.

इमेज मात्र घेतलेली वाया जात नाही, ती आत व्हीएचडी फाईल असते, डिस्क मॅनेजमेंटमधून अटॅच केली की ड्राइव्हसारखी उघडते आणि हव्या त्या फायली काढता येतात.

जुनाजाणता
खरंय, माझ्या दोन्ही वेळी नवीन डिस्क मोठी होती. हे लक्षात नव्हतं आलं.

चहाबिस्किट
मग डी ड्राइव्ह श्रिंक (म्हणजे लहान) करून टाका की आधी ३० जीबीनं, आणि मग क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब कॉपी एसएसडीवर. दहा मिनिटांचं काम.

रॅमराज्य
थांबा थांबा थांबा. श्रिंक करू नका!! लग्नपत्रिकावाला, डिस्कला हात लावायच्या आधी एक करा, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर दुसऱ्या पीसीवर डाउनलोड करून पेनड्राइव्हनं आणा आणि चालवा, इन्स्टॉल न करता चालणारी झिप मिळते ती घ्या. वरचा चौकोन निळा आहे की पिवळा, आणि खाली करंट पेंडिंग सेक्टर आणि रिअलोकेटेड सेक्टर या दोन ओळींपुढे उजवीकडे काय आकडा आहे ते सांगा. आणि ते करून पीसी बंद करून ठेवा, टकटक करणाऱ्या डिस्कवर पत्रिका सेट करत बसू नका.

लग्नपत्रिकावाला
पिवळा आहे, कॉशन लिहिलंय. करंट पेंडिंगपुढे बरीच शून्यं आणि शेवटी ३०. रिअलोकेटेडपुढे शेवटी ८. तीस म्हणजे फार आहे का?

रॅमराज्य
तो आकडा हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायची पद्धत) दाखवतो, म्हणजे ३० नव्हे ४८. अठ्ठेचाळीस सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) असे आहेत की डिस्कला वाचता येत नाहीयेत आणि तिनं अजून ते बदललेलेही नाहीत. संख्या फार नाही पण आवाजासकट आहे म्हणून मी ती डिस्क मरायला टेकलीये असंच धरेन.

आता श्रिंक का नको म्हणालो ते. श्रिंक करताना विंडोज ड्राइव्हच्या शेवटाला असलेल्या फायली उचलून पुढे आणून ठेवतं, म्हणजे आजारी डिस्कवर वाचायचं पण आणि लिहायचं पण. चेकडिस्कचं (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) तेच, खराब सेक्टर शोधा असा पर्याय देऊन चालवलं तर सगळी डिस्क घासून काढतं आणि वाटेत फायलींच्या नोंदी स्वतःच्या मनानं दुरुस्त करत सुटतं. बरी डिस्क असती तर चहाबिस्किट म्हणतायत तसंच मीही केलं असतं. आजारी डिस्कवर फक्त एकदा वाचायचं, सलग, आणि एकही अक्षर लिहायचं नाही. श्रिंक, चेकडिस्क, काय हवे ते उद्योग कॉपीवर करायचे.

तर क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी पत्रिकांचा फोल्डर आणि फाँटचा फोल्डर साधा कॉपी पेस्ट करून पेनड्राइव्हवर, जेवढं येईल तेवढं, अडलं तर ती फाईल सोडून पुढं. मग एक तिसरी डिस्क पैदा करा, ५०० पेक्षा मोठी, जुनी चालेल पण धडधाकट हवी आणि तिच्यावर काही ठेवायचं नसावं कारण सगळं पुसलं जाणार. टकटक डिस्कवरून तिच्यावर डीडीरेस्क्यूनं (खराब डिस्कची कॉपी काढायचा लिनक्सचा प्रोग्रॅम) अख्खी डिस्क सेक्टर टू सेक्टर उतरवायची. मग टकटक डिस्क काढून बाजूला. मग त्या तिसऱ्या डिस्कवरून विंडोज चालू करून, चेकडिस्क, श्रिंक, आणि तिच्यावरून एसएसडीवर क्लोन.

चहाबिस्किट
ओके हे पटलं. माझी सूचना मागे.

मोरपीस
थोडं अवांतर पण कुणी लॅपटॉपवाले हा धागा वाचत असतील तर.. मी गेल्या वर्षी नव्या लॅपटॉपची एनव्हीएमई (एसएसडीचाच एक प्रकार) बदलली, क्लोन वगैरे करून झालं, चालू केला तर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) ४८ आकडी की मागितली. मला माहितीच नव्हतं की बिटलॉकर चालू आहे, मी कधी केलंच नव्हतं! मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटअप केला की बऱ्याच मशीनवर आपोआप चालू होतं म्हणे. नशीब ती की माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झाली होती, मोबाइलवर लॉगिन करून ४८ आकडे बघून बघून टाइप केले, दोनदा चुकले, घाम फुटला. तर स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी की कागदावर उतरवून ठेवा किंवा बिटलॉकर सस्पेंड करा.

लग्नपत्रिकावाला
ताई आमच्या विंडोज ७ ला हे नाही ना?

मोरपीस
नाही हो, तुमच्याकडे नसणार, तुम्ही सुखी आहात :)

कर्जतलोकल
तिसऱ्या डिस्कसाठी सल्ला. २०१२च्या बोर्डावर मागचे यूएसबी बहुतेक २.० असणार, त्यावर सेकंदाला तीसेक एमबी जेमतेम मिळतात, म्हणजे ५०० जीबीला साडेचार-पाच तास, आणि खराब सेक्टर आले की आणखी. त्यापेक्षा डीव्हीडी ड्राइव्हची साटा केबल (ड्राइव्ह बोर्डाला जोडते ती) आणि पॉवर काढा आणि ती तिसऱ्या डिस्कला लावा. सरळ साटावर ९०च्या आसपास स्पीड आला तर दीड तासात होईल. कॅबिनेट आडवं झोपवून डिस्क थर्माकोलवर ठेवली तरी चालते, फक्त खालचा सर्किटचा भाग पत्र्याला टेकू देऊ नका.

हडसनकाठ
मी इथे जर्सीत मॅक वापरतो, टाइम मशीनचा बॅकअप लावून नव्या मॅकवर मायग्रेशन असिस्टंट चालवलं, रात्री झोपलो आणि सकाळी सगळं जागच्या जागी. तुमचं वाचून धाप लागली.

रॅमराज्य
हडसनकाठ, तुम्ही बॅकअप आधीपासून घेत होतात म्हणून झोप लागली. इथं डिस्क टकटकल्यावर बॅकअप सुरू झालाय.

लग्नपत्रिकावाला
मित्राच्या सायबर कॅफेतली १ टीबीची जुनी डिस्क मिळाली, त्याचा सीसीटीव्हीचा रेकॉर्डिंग होता, पुसला तरी चालेल म्हणाला. क्रिस्टलडिस्कइन्फोत निळी आहे. आता डीडीरेस्क्यू कसं चालवायचं? लिनक्स कधी बघितलं नाही.

रॅमराज्य
सिस्टीमरेस्क्यू नावाची लिनक्सची आयएसओ (बूट डिस्कची फाईल) आहे, रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा. काळा पडदा येईल, घाबरायचं नाही. पहिली कमांड एलएसबीएलके द्यायची, ती डिस्कची यादी दाखवते, मॉडेलच्या कॉलमसकट दाखवायला सांगा. मग डीडीरेस्क्यूच्या कमांडमध्ये ज्या डिस्कवरून घ्यायचं ती आधी, ज्यावर लिहायचं ती नंतर. उलटं झालं तर सीसीटीव्हीचा रिकामा डिस्क तुमच्या बारा वर्षांवर ओतला जाईल आणि कुणीही काही करू शकणार नाही. डिस्कच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर आणि पडद्यावरचा जुळवून बघा, दोघांनी मिळून बघा, मोठ्यानं वाचा. आणि मॅपफाईल द्यायला विसरू नका, ती वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. तिच्यात कुठवर वाचून झालं आणि कुठं अडलं याची नोंद असते, मधेच लाइट गेली तरी परत तीच कमांड दिली की तिथून पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीत खराब भाग सोडून चांगलं चांगलं उचलून घ्यायचं, दुसऱ्या फेरीत उरलेल्याच्या मागं लागायचं. नेमक्या कमांड व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) पाठवतो, इथं टाकल्या तर कुणीतरी डोळे झाकून कॉपी मारेल.

लग्नपत्रिकावाला
दोन तास दहा मिनिटं लागली पहिल्या फेरीला. मधे लाइट गेली होतीच!! यूपीएस चार मिनिटं टिकला, मग सगळं बंद. परत चालू करून तीच कमांड दिली आणि खरंच ६१ टक्क्यापासून पुढे गेलं, अक्षरशः हात जोडले. दुसरी फेरी रात्रभर चालली. सकाळी बघितलं तर शेवटी एकूण ११ केबी वाचता आलेलं नाही. ११ केबी म्हणजे किती फायली गेल्या?

रॅमराज्य
५०० जीबीत ११ केबी म्हणजे गंगेत घोडं न्हालं. कुठल्या फायली ते शोधता येतं, डीडीरेस्क्यूचा फिल मोड असतो, तो कॉपीवर त्या न वाचलेल्या जागी आपण देऊ तो शब्द लिहून ठेवतो, मग सगळ्या फायलींत तो शब्द शोधायचा, जिच्यात सापडेल ती फाईल खराब. हे फक्त कॉपीवर करायचं आणि दोन डिस्कांची अदलाबदल होऊ द्यायची नाही, तो मंत्र कायम.

लग्नपत्रिकावाला
केलं. दोन फायली सापडल्या. एक विंडोजची कसलीतरी लॉग, आणि एक २०१४ ची पत्रिका, त्या जोडप्याला आता दोन पोरं आहेत तेव्हा चालतंय :D

आता जुनी डिस्क काढली, कॉपीवरून पीसी चालू केला, चालू झाला! चेकडिस्क झालं. पण डी श्रिंक करायला गेलो तर फक्त ११ जीबी कमी करता येईल म्हणतोय. पायजेत वीसेक तरी. रिकामी जागा तर ढीगभर आहे.

कर्जतलोकल
कुठली तरी न हलणारी फाईल शेवटाकडे बसलीये. डी वर सिस्टीम रिस्टोअर चालू असणार, त्याच्या शॅडो कॉपी (जुन्या स्थितीच्या प्रती) हलत नाहीत. सिस्टीम प्रोटेक्शनमध्ये जाऊन डी चं बंद करा, जुने रिस्टोअर पॉइंट डिलीट करा. पेजफाईल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती फाईल) डी वर असेल तर ती पण सी वर न्या. मग रीस्टार्ट करून परत बघा. आणि नेमकं २० नका करू, ३० करा, एसएसडीत शेवटी थोडी रिकामी जागा राहिली तर वाईट नाही, नंतर वाढवता येते.

लग्नपत्रिकावाला
बरोब्बर. सिस्टीम रिस्टोअरच होतं. ३० जीबी कमी केले.

कर्जतलोकल
छान. आता क्लोनझिला, क्लोन करायचं फुकट सॉफ्टवेअर. डिस्क टू डिस्क निवडा, बिगिनर नको एक्सपर्ट मोड घ्या, कारण टार्गेट डिस्कचा साइज चेक करू नको असा एक पर्याय तिथं टिक करावा लागतो. तुमची १ टीबी वरून ४८० वर जातीये, त्यामुळे तो पर्याय दिला नाही तर साइज बघूनच नकार देईल. तो भरलेले ब्लॉकच कॉपी करतो म्हणून १४० जीबीचंच काम. आणि सी एकटा कॉपी करायचा मोह नको, अख्खी डिस्क. विंडोज ७ मध्ये सुरुवातीला १०० एमबीचं सिस्टीम रिझर्व्ड म्हणून छोटं पार्टिशन असतं, बूटची फाईल तिथं असते. एकाचं असंच, फक्त सी नेला आणि बूटएमजीआर इज मिसिंग येतंय म्हणून मला रात्री अकराला फोन.

अजून एक, हे नीट वाचा. क्लोन झाला की पीसी बंद करून १ टीबीची केबल काढा आणि मगच पहिल्यांदा चालू करा. दोन्ही डिस्कची सिग्नेचर (विंडोज डिस्क ओळखतं तो नंबर) सारखी असते, विंडोजला दोन जुळे भाऊ एकदम दिसले की एकाला ऑफलाइन टाकतं, आणि तुम्ही हौसेनं त्याला ऑनलाइन केलं की त्याची सिग्नेचर बदलते आणि मग त्याच्यावरून बूट होणं बोंबलतं.

लग्नपत्रिकावाला
क्लोन झाला, २६ मिनिटं. केबल काढली. चालू केला.. विंडोजचा लोगो आला आणि निळा स्क्रीन!! शेवटी ७बी असं काहीतरी. आता काय करू

रॅमराज्य
मधे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) काही बदललंत का? खरं सांगा.

लग्नपत्रिकावाला
हो. एका व्हिडिओत सांगितलं होतं की एसएसडी लावली की साटा मोड (बोर्डानं डिस्कशी बोलायची पद्धत) जुन्या आयडीईचा नवीन एएचसीआय करायचा. तो केला.

रॅमराज्य
:) परत आयडीई करा, चालू होईल. विंडोज ७ आयडीई मोडमध्ये टाकलेलं असलं की एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला चालू होणाऱ्यांत नसतो, आणि स्वतःची डिस्कच दिसेना म्हणून ७बी. क्लोनचा काही दोष नाही. व्हिडिओवाल्याचं म्हणणं चूक नाही, अर्धं आहे. आधी विंडोजमध्ये जाऊन रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीत) एमएसएएचसीआय सर्व्हिसचा स्टार्ट ३ वरून शून्य करायचा, मग रीस्टार्ट करताना बायोस बदलायचं.

लग्नपत्रिकावाला
आयडीई केल्यावर लगेच चालू झाला. मग रजिस्ट्री करून एएचसीआय केलं, तरी चालू झाला. साडेतीन मिनिटं लागायची, आता चहाचा कप खाली ठेवेपर्यंत डेस्कटॉप. पेजमेकर उघडलं, श्रीलिपीनं डाँगल ओळखलं, श्लोक श्लोकासारखा दिसतोय, प्रिंट पण काढली. तुम्हा सगळ्यांचे आभार मानावेत तेवढे कमी, रॅमराज्य साहेब आणि कर्जतलोकल भाऊ गडहिंग्लजला आलात तर पत्रिका फुकट.

कर्जतलोकल
माझं लग्न होऊन नऊ वर्षं झाली, मुलाच्या मुंजीला येतो.

चहाबिस्किट
डाँगल होतं म्हणून बरं. हार्डडिस्कच्या नंबरला बांधलेलं लायसन असतं तर बोंबाबोंब झाली असती ना?

रॅमराज्य
कुठल्या नंबरला त्यावर आहे. पार्टिशनचा व्हॉल्यूम सिरियल असतो तो क्लोनबरोबर जसाच्या तसा येतो, त्याला बांधलेली सॉफ्टवेअरं काही न कळता चालत राहतात. डिस्कच्या कारखान्यातला सिरियल मात्र येत नाही, त्याला बांधलेलं असेल तर कंपनीला फोन. म्हणून जुनी डिस्क मरायच्या आधी अशा सॉफ्टवेअरचं लायसन डिॲक्टिव्हेट करता येत असेल तर करून घ्यायचं.

लग्नपत्रिकावाला, दोन गोष्टी राहिल्या. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, त्यामुळे या पीसीला इंटरनेट लावू नका, गिऱ्हाइकाचे व्हॉट्सॲपवरचे फोटो दुसऱ्या मशीनवर उतरवून, व्हायरससाठी स्कॅन करून मग पेनड्राइव्हनं आणा. आणि ती १ टीबीची डिस्क मित्राला इतक्यात परत देऊ नका. क्लोनझिलानं तिच्यावर आजच्या एसएसडीची इमेज काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी डीडीरेस्क्यूची वेळच येणार नाही.

लग्नपत्रिकावाला
मित्राला सांगितलं, तो म्हणतो ठेव, पण माझ्या बहिणीची पत्रिका करून दे. आणि टकटक डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तारीख टाकून कपाटात ठेवलीये.

एकच अडचण उरलीये. वडील सकाळी येऊन पीसी चालू करतात आणि पाच मिनिटांनी मला हाक मारतात, बारा वर्षं त्या डिस्कची घरघर ऐकायची सवय, आता आवाजच येत नाही तर त्यांना वाटतं चालू झालाच नाही. काल दोनदा बटण दाबून बंद केला.

मोरपीस
काकांना म्हणावं पॉवरचं बटण शटडाउनऐवजी डू नथिंगवर सेट करून देतो, पॉवर ऑप्शनमध्ये आहे.

लग्नपत्रिकावाला
हे भारी आहे ताई, आत्ता करतो.